आडोशाचे ऋण

‘आश्रय’, ‘आसरा’ आणि ‘आडोसा’ हे तीन मराठी शब्द एकमेकांच्या जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. आश्रयात देणारा आणि घेणारा यांच्यातील थोर-लहानपणाचे नाते गृहीत असते. आसऱ्याला निदान चार भिंती आणि छप्पर लागते. आडोसा मात्र कशाचाही चालतो. पावसात झाडाचा, उन्हात सोडून ठेवलेल्या बैलगाडीचा, वाऱ्यात ज्योतीभोवती धरलेल्या तळव्याचा. आडोसा देणाऱ्याला पुष्कळदा आपण काही देत आहोत याची जाणीवही नसते, आणि घेणाऱ्यालाही त्याबद्दल आभार मानावेत असे सहसा वाटत नाही. सायकलशर्यतीचे सारे तंत्र आणि तिच्यातील बहुतेक सारे नैतिक पेच या तिसऱ्या शब्दापाशी येऊन ठेपतात.

याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती केवळ हवा दूर सारण्यात खर्ची पडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वारा पडलेला असतानाही वेग दुप्पट करावयाचा तर या कामी आठपट शक्ती लागते. परंतु पुढच्या चाकाच्या मागे वीतभर अंतर ठेवून चालणाऱ्याला हा विरोध सुमारे एकतृतीयांशाने कमी जाणवतो. मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी तर परिस्थिती चमत्कारिक असते. नेदरलंड्समधील आइंडहोव्हनच्या संशोधकांनी २०१८ साली १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या रांगांमधील स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो, असे आढळले. सभोवार वादळाचा वेग आणि मध्यभागी जवळजवळ निवांत हवा! या घोळक्याला फ्रेंच भाषेत ‘पेलोतों’ म्हणतात. मराठीत ‘थवा’ म्हणणे अधिक सार्थ ठरेल, कारण पाखरांच्या थव्यातही असेच काही घडत असते.

हे ज्ञान सायकलपटूला पुस्तकातून मिळत नाही. ते त्याच्या मांड्यांना होते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात कचेरीला, कारखान्याला, महाविद्यालयाला जाणारे हजारो लोक सायकलवर असत. त्यांपैकी कोणीही स्वतःला ‘सायकलपटू’ म्हणवून घेतले नसते, तरी समोरून वारा आला की भरल्या ट्रकच्या किंवा एस.टी.च्या मागे सायकल घालावी, हे शहाणपण त्यांना होते. (ते जिवावर बेतणारे शहाणपण होते, हा भाग वेगळा.) आजचा हौशी सायकलपटू निराळ्या जातीचा आहे. तो बँकेत किंवा शाळेत नोकरी करतो, पहाटे साडेचारला उठतो, चाकातील हवा आंगठ्याने दाबून पाहतो, चेनला तेलाचा थेंब देतो आणि उजाडण्यापूर्वी रस्त्यावर येतो. नऊच्या सुमारास तो घरी परतलेला आणि दहाला कामावर हजर असला पाहिजे. या दिनक्रमाला छंद म्हणावे की व्रत, याविषयी त्याच्या घरात दुमत असण्याचा संभव असतो. त्याच्या गजरामुळे दुसऱ्या कोणाची झोप मोडते, त्याच्या डब्यातील पोळ्या कोणीतरी अंधारात लाटलेल्या असतात, आणि रविवारी सहा तास तो घरी नसताना घर चाललेले असते. सायकलपटूंच्या चरित्रांत हा आडोसा फारसा नोंदलेला सापडत नाही. तो नोंदला जात नाही, कारण तो वाऱ्याच्या दिशेला नसून पाठीमागे असतो.

अशा हौशी स्वारांचा गट रविवारी एकत्र निघतो, तेव्हा त्यांच्यात एक अलिखित शिष्टाचार आपोआप रुजलेला दिसतो. पुढच्याने खड्डा आला की हात खाली करून तो दाखवावा. पुढे राहण्याची पाळी प्रत्येकाने घ्यावी. थकल्यावर कोपर किंचित हलवून बाजूला व्हावे आणि मागच्याने एकदम वेग न वाढवता, आहे त्याच गतीने पुढे यावे. जो आज खरोखरच अशक्त आहे, त्याने मागेच राहावे. त्याला कोणी बोलत नाही. परंतु जो सशक्त असूनही मागे राहतो आणि गावाची वेस दिसताच सर्वांना मागे टाकून सुसाट निघून जातो, त्याच्याविषयी चहाच्या टपरीवर जे बोलले जाते ते छापण्याजोगे नसते. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण जणू त्याच्यासाठीच निर्माण झाली आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. या माणसाने कोणाचे काय घेतले? पुढचा स्वार मागे कोणी नसता तरी तितकीच हवा कापत गेला असता. मागे कोणी असण्याने त्याचे श्रम वाढत नाहीत. उलट मागच्या शरीरामुळे हवेचा भोवरा मोडून पुढच्याचा भार अगदी किंचित हलकाच होतो, असे शास्त्र सांगते. दिव्याने दिवा लावावा तशी ही देवघेव आहे. ज्या दानात देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, त्याचे ऋण ते कसले? तर्काला सोडून असे या युक्तिवादात काही नाही, आणि साध्या रस्त्यावर तो पुरेसाही आहे. अनोळखी दूधवाल्याच्या मागे चार मैल आडोशाने गेलेल्या माणसाने त्या दूधवाल्याचे काहीही लुबाडलेले नाही.

शर्यतीत मात्र हा युक्तिवाद कोलमडतो, कारण शर्यतीत शक्तीला स्वतःचे असे मोल नसते. तिचे मोल दुसऱ्याच्या शक्तीशी तोलूनच ठरते. मागच्याने वाचवलेली प्रत्येक कळ अखेरच्या दोनशे मीटरमध्ये पुढच्याच्या विरुद्ध वापरली जाणार असते. साध्या रस्त्यावर जी निव्वळ कृपा होती, तीच येथे शत्रूच्या हाती दिलेले शस्त्र ठरते. तरीही ते दिल्यावाचून गत्यंतर नसते. मुख्य थव्यातून चार स्वार निसटून पुढे गेले, तर त्या चौघांना एकमेकांचा पराभव करावयाचा असतो, आणि एकमेकांवाचून ते थव्याच्या हाती सापडल्याशिवाय राहत नाहीत. डेव्हिड ह्यूमने मानवी स्वभावावरील आपल्या ग्रंथात (१७३९–४०) एका होडीची दोन वल्ही मारणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले आहे. त्यांनी एकमेकांना कोणतेही वचन दिलेले नसते, तरी त्यांची वल्ही एका तालात पडतात. न्याय आणि संपत्ती यांसारख्या संस्था अशाच अनुच्चारित संकेतातून उद्भवल्या, असे त्याला सुचवायचे होते. सायकलशर्यतीने या उदाहरणात एक भर घातली आहे. येथील होडी किनाऱ्याला लागताच दोघांपैकी एकच उतरू शकतो, आणि हे दोघांनाही पहिल्या वल्ह्यापासून ठाऊक असते.

डच सायकलपटू योप झूटेमेल्क याची कारकीर्द या संदर्भात उद्बोधक आहे. टूर द फ्रान्स या जगातील सर्वांत प्रतिष्ठित शर्यतीत तो सहा वेळा दुसरा आला आणि १९८० साली एकदा पहिला. एडी मर्क्स या बेल्जियन महारथीच्या चाकामागे तो इतका काळ राहिला की, उन्हाळाभर फ्रान्समध्ये सायकल चालवूनही त्याचा रंग रापत नाही, कारण तो मर्क्सच्या सावलीत असतो, असा विनोद त्याच्या मायदेशी प्रचलित होता. विनोद क्रूर होता आणि काहीसा अन्याय्यही. सोळा वेळा टूरमध्ये उतरून सोळाही वेळा ती पूर्ण करणाऱ्या माणसाला केवळ सावलीतला माणूस म्हणता येत नाही. पण त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस नियतीने त्या विनोदाला जे उत्तर दिले, ते विलक्षण होते. १९८५ सालच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत, वयाच्या ३८ व्या वर्षी, शेवट अगदी जवळ आला असता तो आघाडीच्या गटातून एकटाच पुढे निघाला. त्याला गाठणे इतरांना अशक्य नव्हते. परंतु जो पाठलागाला पहिला निघेल, त्याने उरलेल्या सर्वांना आडोसा द्यावा लागणार होता. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले, कोणीही पुढे झाला नाही, आणि झूटेमेल्क जिंकला. आयुष्यभर दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्याचा ठपका वाहणाऱ्या माणसाला इतरांचा परस्पर-अविश्वास कसा उपयोगी पडतो, हे इतर कोणापेक्षाही अधिक कळले असले पाहिजे.

टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याला हे सारे मान्य नव्हते. १९०३ साली एका क्रीडाविषयक वृत्तपत्राचा खप वाढवण्यासाठी त्याने ही शर्यत सुरू केली, तरी तिच्यामागे त्याची एक नैतिक कल्पना होती. माणूस एकटा, त्याचे यंत्र एकटे आणि समोर निसर्ग. कोणाचे साहाय्य नाही, कोणाशी संगनमत नाही. १९११ साली मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराने स्वतःची संधी हुकल्यावर फ्रांस्वा फाबेर या दुसऱ्या स्वाराला सोबत देऊन मुक्कामापर्यंत आणले, तेव्हा देग्रांजने त्याची ‘दोमेस्तिक’ म्हणून जाहीर निर्भर्त्सना केली. दोमेस्तिक म्हणजे घरगडी. पुढच्या टप्प्यात ब्रोको सर्वांच्या आधी पोचला. घरगड्याचे हे उत्तर होते. शब्दाचे पुढे जे झाले ते अधिक मनोरंजक आहे. शिवी म्हणून जन्मलेला तो शब्द कालांतराने एका सन्मान्य पेशाचे नाव झाला, आणि आज प्रत्येक संघात नायकासाठी वारा अंगावर घेणारे, पाणी आणून देणारे, वेळप्रसंगी आपले चाक काढून देणारे दोमेस्तिक अभिमानाने स्वतःला त्याच नावाने ओळखतात. शब्दांची जात अशी बदलताना पाहणे हा साहित्याच्या अभ्यासकाला मिळणारा एक दुर्मिळ आनंद होय.

देग्रांजच्या तत्त्वाची परिसीमा १९१३ साली गाठली गेली. पिरेनीज पर्वतातील तूरमाले हा घाट उतरत असताना, एकूण क्रमवारीत आघाडीला आलेल्या ओजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियमानुसार त्याला कोणाचीही मदत घेण्यास आणि सायकल बदलण्यास मनाई होती. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून अधिक अंतर चालत सँत-मारी-द-कांपां या गावी आला. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने लोखंड तापवले, ठोकले आणि चिमटा सांधला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे त्याने एका लहान मुलाकडून भाता चालवून घेतला, आणि परकी मदत घेतल्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. या प्रकरणात क्रिस्तोफचे जवळजवळ चार तास गेले होते आणि शर्यत हातची गेली होती. दंडाने प्रत्यक्षात काहीच फरक पडला नाही. म्हणूनच तो दंड लक्षणीय ठरतो. त्याच्यामागे तत्त्वनिष्ठेखेरीज दुसरे कारण संभवत नाही.

या तत्त्वनिष्ठेची थट्टा करणे सोपे आहे. भट्टी कोणाची होती? कोळसा कोणी आणला होता? लोहारकाम क्रिस्तोफला कोणी शिकवले? हे सारे नियमाला चालले, पण मुलाने भात्याला लावलेला हात चालला नाही. स्वावलंबनाची रेषा कोठेतरी ओढावीच लागते, आणि ती जेथे ओढावी तेथे हास्यास्पद दिसते. तथापि देग्रांजच्या भीतीत तथ्यांश नव्हता असे म्हणता येत नाही. साहाय्य मोकळे केले की ते विकत घेता येते, आणि जे विकत घेता येते ते अखेर श्रीमंताकडे जाते, हे त्याने ओळखले होते. आज ज्या संघांचे अंदाजपत्रक मोठे, त्यांच्या नायकाला थव्याच्या पुढे सात-सात बलवान शरीरांची भिंत लाभते. त्या शरीरांना वेतन मिळते. विजेता आपल्या बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून टाकतो, अशीही जुनी प्रथा आहे. मग हिशेब पुरा झाला काय?

रने व्हिएतोचे उदाहरण या प्रश्नाला सहजासहजी सुटू देत नाही. १९३४ साली तो अवघा वीस वर्षांचा होता आणि डोंगरात त्याच्या तोडीचा स्वार त्या शर्यतीत नव्हता. फ्रेंच संघाचा नायक अंतोनँ मान्ये याचे चाक पिरेनीजमध्ये निकामी झाले, तेव्हा व्हिएतोने आपले चाक काढून त्याला दिले आणि तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर मदतीच्या गाडीची वाट पाहत बसला. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. रडणारा एक मुलगा आणि पुढचे चाक नसलेली सायकल. दुसऱ्या दिवशी मान्येची सायकल पुन्हा बिघडली. पुढे गेलेला व्हिएतो चढ उलटा चढून मागे आला आणि या खेपेस त्याने सबंध सायकलच देऊन टाकली. मान्ये शर्यत जिंकला; व्हिएतो पाचवा आला. पुढे कधीही त्याला ती शर्यत जिंकता आली नाही. फ्रान्सने मात्र त्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा त्यालाच अधिक प्रेमाने लक्षात ठेवले. कान्टने नीतिविषयक विवेचनात म्हटले आहे की, उपकाराची परतफेड कितीही केली तरी ऋण फिटत नाही, कारण आधी देण्याचा मान उपकारकर्त्याकडेच राहतो. तो परत घेता येत नाही. मान्येने बक्षिसातील किती हिस्सा कोणाला दिला, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. व्हिएतोचे अश्रू मात्र कान्टच्या या विवेचनात बसत नाहीत. त्याने दिले, पण आनंदाने दिले नाही. कर्तव्य म्हणून दिलेल्या, मनातून हवीहवीशी वाटणारी गोष्ट सोडून दिलेल्या त्यागाचे मोल अधिक की कमी, यावर कान्टचे उत्तर ठरलेले आहे. छायाचित्र पाहणाऱ्याचे उत्तर तितके ठरलेले असेलच असे नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या अपघाताचा लाभ उठवू नये, हाही थव्यातील एक अलिखित संकेत आहे. २००१ साली घाट उतरताना जर्मनीचा यान उलरिक रस्त्याबाहेर फेकला गेला, तेव्हा अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग त्याच्यासाठी थांबला. २००३ साली लूज-आर्दिदेनच्या चढावर आर्मस्ट्राँगचे हँडल एका प्रेक्षकाच्या पिशवीत अडकून तो पडला. त्या वेळी एकूण क्रमवारीत अवघ्या १५ सेकंदांनी मागे असलेल्या उलरिकने वेग आवरला. आर्मस्ट्राँग उठला, टप्पा जिंकला आणि पुढे शर्यतही. क्रीडावृत्तीचे हे दोन प्रसंग एके काळी शाळकरी मुलांना सांगितले जात. २०१२ साली आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल काढून घेण्यात आली; २०१३ साली उलरिकनेही आपला अपराध कबूल केला. ज्या दोघांनी एकमेकांचा पंधरा सेकंदांचा लाभ अन्याय्य म्हणून नाकारला, ते दोघेही संपूर्ण शर्यतीचा लाभ अन्याय्य मार्गाने घेत होते. २०१० साली आंडी श्लेकची चेन उतरली असता अल्बेर्तो कोन्तादोर पुढे निघून गेला आणि ३९ सेकंदांची कमाई केली. शर्यतही त्याने नेमक्या ३९ सेकंदांनी जिंकली, आणि २०१२ साली उत्तेजकांच्याच कारणावरून ती गमावली.

या प्रसंगांवरून शिष्टाचार म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष उथळ आहे. थांबणारा खरोखरच थांबला होता; त्यात खोटे काही नव्हते. प्रश्न निराळा आहे. हा संकेत कोणाचे रक्षण करतो? तो थव्यातील माणसाचे रक्षण करतो, आणि जो थव्यात नाही त्याच्याविषयी मौन पाळतो. ज्याने द्रव्ये घेण्यास नकार दिला म्हणून जो मागे पडला, जो कंटाळून आपल्या गावी परतला आणि दुकान चालवू लागला, त्याचे ऋण या शिष्टाचाराच्या वहीत कोठेच मांडलेले नसते.

यांपैकी एकाचे नाव उपलब्ध आहे. ख्रिस्तोफ बासों हा फ्रेंच स्वार द्रव्ये नाकारणारा म्हणून ओळखला जात असे. १९९९ सालच्या टूरमध्ये तो एका वृत्तपत्रात रोज लिहीत होता, आणि शर्यतीत अजूनही काय चालले आहे याविषयीचा आपला संशय त्याने लपवला नाही. परिणाम असा झाला की, थव्यातील सहकारी त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याने पुढे निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा साऱ्या थव्याने मिळून त्याचा पाठलाग केला. एका टप्प्यात आर्मस्ट्राँगने त्याच्या शेजारी येऊन, त्याने हा खेळ सोडून जावे, असे त्याला सुनावले. काही दिवसांतच बासोंने शर्यत अर्धवट सोडली. नियम त्याच्या बाजूने होते, नीती त्याच्या बाजूने होती. आडोसा मात्र गेला होता.

याला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे. वाळीत टाकणे. ज्या समाजाने शतकानुशतके पाणवठा, स्मशान, लग्नाची पंगत आणि विस्तवाची देवघेव रोखून माणसांना नमवले, त्या समाजाला थव्याचे हे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली संमत केला. त्या कायद्याची गरज भासावी, हेच पुरेसे बोलके आहे. येथे आडोशाचे दुसरे रूप दिसते. परस्परांना वाऱ्यापासून वाचवणारी रचना जितकी घट्ट, तितकी एखाद्याला वाऱ्यावर सोडण्याची तिची शक्ती मोठी. ‘वाऱ्यावर सोडणे’ हा वाक्प्रचार सायकलशर्यतीसाठी बनला नव्हता, तरी तो तेथे शब्दशः खरा ठरतो. परस्परावलंबनाचा गौरव करणाऱ्यांनी ही बाजू नजरेआड केली, तर त्यांचा गौरव भाबडा ठरेल. बासोंवर जी वेळ आली ती देग्रांजच्या एकाकी जगात आली नसती. जेथे कोणीच कोणाला आडोसा देत नाही, तेथे तो काढूनही घेता येत नाही.

मग एकट्याची शर्यत अधिक शुद्ध म्हणावी काय? घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्याच्या प्रकाराला युरोपात ‘सत्याची शर्यत’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तिचे टोक म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम. मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी तो प्रस्थापित केला; अंतर होते ४९.४३१ किलोमीटर. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. परंतु या एकांतासाठी मर्क्स बेल्जियमहून मेक्सिको शहरात गेला होता, कारण सुमारे २२०० मीटर उंचीवरील त्या शहरात हवा विरळ असते आणि ती कापणे सोपे जाते. कान्टने १७८१ सालच्या आपल्या महान ग्रंथात एका कबुतराचा दाखला दिला आहे. हवा कापत उडताना तिचा विरोध जाणवून त्या कबुतराला वाटते की, निर्वात पोकळीत आपल्याला याहून चांगले उडता येईल. मर्क्सने त्या कबुतराचे स्वप्न अंशतः खरे केले. आणि तेथेच त्याला उमगले असणार की, जी हवा छातीवर आदळते तीच छातीत जाते. विरळ हवेत वेग वाढतो आणि श्वास अपुरा पडतो.

एकट्याच्या शर्यतीला मराठी माणसांनीही अलीकडे जवळ केले आहे. अमेरिका खंड आडवा ओलांडणाऱ्या, सुमारे ४८०० किलोमीटरच्या शर्यतीत नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ म्हणून भाग घेतला आणि ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक सायकल चालवीत असता दुसरा विश्रांती घेई. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. दुसऱ्या स्वाराच्या मागे राहून आडोसा घेण्यास तेथे मज्जाव असतो. परंतु रात्रभर मागून हळूहळू चालणाऱ्या गाडीचा दिवा, दर तासाला हाती येणारे खाणे आणि डोळा लागू नये म्हणून बोलत राहणारा सोबती यांना मज्जाव नाही. तेवढ्याने पराक्रम उणा होत नाही. क्रिस्तोफला मिळालेल्या दंडाची आठवण मात्र होते.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. मराठी वाचकाला ही त्रयी परिचित आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथ्याची भर घातली, ते मात्र तितके परिचित नाही. ते मनुष्यांचे ऋण होय, आणि त्याच्या फेडीचा मार्गही तेथे सांगितला आहे. माणसांना वसतीला जागा द्यावी आणि अन्न द्यावे. पहिल्या तिन्ही ऋणांचा सावकार ठरलेला आहे. यज्ञ देवांसाठी, अध्ययन ऋषींसाठी, संतती पितरांसाठी. चौथ्या ऋणाला असा ठराविक सावकार नाही. ज्याने कधी काळी आपल्याला निवारा दिला त्यालाच तो परत द्यावा, अशी अपेक्षा तेथे नाही. जो दारी येईल त्याला द्यावा. रविवारच्या गटात पाळी घेणारा स्वार नेमके हेच करीत असतो. तो ज्याच्या मागे राहिला होता, तो आता शेवटी गेलेला असतो. त्याच्या मागे भलताच कोणी आलेला असतो. हिशेब कधीच बरोबर जुळत नाही, आणि जुळवण्याचा हट्ट धरणारा माणूस गटात फार दिवस टिकत नाही. बासोंच्या बाबतीत थव्याने मोडला तो हाच संकेत, कारण दारी आलेल्याला ‘तू कोणाच्या बाजूचा?’ असे विचारण्याची सोय चौथ्या ऋणात नाही.

१९५२ सालच्या टूरमधील एक छायाचित्र इटलीत सर्वांच्या परिचयाचे आहे. फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली हे कट्टर प्रतिस्पर्धी चढावर मागे-पुढे आहेत, आणि त्यांच्या दोन हातांमध्ये पाण्याची एक बाटली आहे. इटली त्या काळी कोप्पीवादी आणि बार्तालीवादी अशा दोन तटांत विभागलेली होती. बाटली कोणी कोणाला दिली, हा वाद तेव्हा पेटला आणि ते दोघेही दिवंगत झाल्यावर अजून मिटलेला नाही. छायाचित्राने दोन्ही हात बाटलीवर असतानाचा क्षण पकडला आहे. त्यावरून देणारा ओळखू येत नाही.

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, खोपोली सोडल्यावर, सुमारे पाचशे मीटरची चढण सुरू होते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत हा बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा राहिली आहे. चढावर वेग इतका उतरतो की हवेचा विरोध नाममात्र उरतो. आता भांडण गुरुत्वाकर्षणाशी असते आणि त्यात कोणाच्याही पाठीचा आडोसा फारसा कामी येत नाही. तरीही घाटात एकमेकांपासून सुटे झालेले स्वार क्वचितच दिसतात. शिंग्रोबाच्या देवळापाशी, वळणावर, घामाने निथळणारा मागचा माणूस पुढच्या चाकापासून हातभर अंतर राखूनच वर येत असतो.